हवाई दलाच्या अकादमीतून मेजर लीगच्या शिखरावर : पिचर पॉल स्कीन्सची वाटचाल

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा ‘साय यंग’ पुरस्कार नॅशनल लीगमध्ये २०२५ च्या हंगामासाठी पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्सला एकमताने मिळाला. बेसबॉल लेखक संघटनेच्या तीसही मतदारांनी त्याला पहिली पसंती दिली. त्या वेळी त्याचे वय होते २३ वर्षे. सव्वातीन वर्षांपूर्वीपर्यंत तो अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत शिकणारा छात्र होता आणि लढाऊ वैमानिक होण्याचे स्वप्न पाहत होता. महाविद्यालयीन मैदानापासून जगातील सर्वांत श्रीमंत बेसबॉल लीगच्या शिखरापर्यंत तो इतक्या अल्पावधीत कसा पोहोचला आणि या वेगाची कोणती किंमत मोजावी लागू शकते, याचा हा आढावा.

अकादमीतील दोन वर्षे

स्कीन्सचा जन्म २९ मे २००२ रोजी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे झाला. लेक फॉरेस्ट येथील एल टोरो हायस्कूलमधून तो २०२० मध्ये उत्तीर्ण झाला. कोविडच्या साथीमुळे त्या वर्षी मेजर लीगची खेळाडू निवड प्रक्रिया, म्हणजेच ‘ड्राफ्ट’, केवळ पाच फेऱ्यांपुरती मर्यादित करण्यात आली होती. स्कीन्सची त्यात निवड झाली नाही. त्याने कोलोरॅडोतील हवाई दल अकादमीत प्रवेश घेतला.

तेथे तो प्रामुख्याने कॅचर आणि फलंदाज होता. सामन्याच्या शेवटी गरज पडल्यास तो चेंडू फेकण्यासाठीही उभा राहत असे. २०२१ च्या पहिल्याच हंगामात त्याने ११ होमरन मारले आणि पिचर म्हणून ११ सामन्यांत संघाची आघाडी शेवटपर्यंत राखली. दुसऱ्या वर्षी तो नियमित पिचर झाला. फलंदाजी आणि पिचिंग या दोन्हींत चमकणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूसाठी असलेला ‘जॉन ओलेरुड पुरस्कार’ त्याने २०२२ मध्ये पटकावला.

मात्र, याच टप्प्यावर त्याला आयुष्यातील मोठा निर्णय घ्यावा लागला. अकादमीतील छात्रांना पहिली दोन वर्षे पूर्ण झाल्यावर संस्था सोडता येते. तिसऱ्या वर्षाच्या प्रारंभी मात्र त्यांना लष्करी सेवेची बांधिलकी स्वीकारावी लागते आणि पदवीनंतर किमान पाच वर्षे प्रत्यक्ष सेवा बजावावी लागते. तसे झाले असते, तर व्यावसायिक बेसबॉलचा मार्ग बंद झाला नसता, तरी खेळाडूच्या उमेदीची वर्षे त्यात गेली असती. प्रशिक्षक आणि सहकाऱ्यांशी चर्चा केल्यानंतर २०२२ च्या उन्हाळ्यात स्कीन्सने अकादमी सोडली. लष्कराशी असलेले नाते त्याने तोडले नाही. मेजर लीगमधील पहिल्या हंगामात प्रत्येक स्ट्राइकआऊटमागे १०० डॉलर सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी काम करणाऱ्या गॅरी सिनीझ फाउंडेशनला देण्याचे त्याने जाहीर केले होते.

लुईझियानातील एक हंगाम

स्कीन्सने लुईझियाना स्टेट विद्यापीठाची निवड केली. महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०२१ मध्ये नियम शिथिल केल्यामुळे विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष सक्तीने बाहेर बसण्याची गरज उरली नव्हती. मुख्य प्रशिक्षक जे जॉन्सन यांनी त्याच सुमारास वेस जॉन्सन यांना पिचिंग प्रशिक्षक म्हणून आणले. मेजर लीगमधील मिनेसोटा ट्विन्स संघाचे काम हंगामाच्या मध्येच सोडून ते विद्यापीठात दाखल झाले होते. त्यांच्या हाताखाली स्कीन्सने फलंदाजी बाजूला ठेवून पूर्ण लक्ष पिचिंगवर केंद्रित केले.

त्याचे फळ २०२३ मध्ये दिसले. त्याने १२२ हून अधिक इनिंग्जमध्ये २०९ फलंदाजांना स्ट्राइकआऊट केले. आग्नेय विभागाच्या परिषदेत बेन मॅकडोनल्डच्या नावावर १९८९ पासून असलेला २०२ स्ट्राइकआऊटचा विक्रम मागे पडला. संपूर्ण हंगामात त्याने केवळ २० फलंदाजांना ‘वॉक’ दिला. चार चेंडू पट्ट्याबाहेर गेल्यास फलंदाजाला मिळणाऱ्या फुकटच्या बेसला वॉक म्हणतात. वेग आणि अचूकता सहसा एकत्र नांदत नाहीत, म्हणूनच हा आकडा जाणकारांना अधिक बोलका वाटला.

ओमाहा येथील महाविद्यालयीन जागतिक मालिकेत वेक फॉरेस्ट विद्यापीठाविरुद्ध २२ जून रोजी झालेला सामना या हंगामाचा कळस ठरला. स्कीन्सने आठ इनिंग्जमध्ये एकही धाव दिली नाही. ११ व्या इनिंगमध्ये टॉमी व्हाइटने मारलेल्या होमरनमुळे लुईझियानाने हा सामना २-० असा जिंकला. अंतिम फेरीत फ्लोरिडाविरुद्ध पहिला सामना जिंकल्यावर दुसऱ्या सामन्यात लुईझियानाचा ४-२४ असा धुव्वा उडाला. तथापि, निर्णायक लढत १८-४ अशी जिंकून संघाने सातवे विजेतेपद मिळवले. अंतिम फेरीत एकही चेंडू न फेकता स्कीन्स स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

ड्राफ्टमधील पहिले नाव

सिएटल येथे ९ जुलै २०२३ रोजी झालेल्या ड्राफ्टमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने पहिल्या क्रमांकावर स्कीन्सची निवड केली. दुसऱ्या क्रमांकावर वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याचाच विद्यापीठातील सहकारी डिलन क्रूझ याला घेतले. एकाच महाविद्यालयीन संघातील दोघे पहिल्या दोन क्रमांकांवर निवडले जाण्याची ही पहिलीच वेळ होती. स्कीन्सला करारावर स्वाक्षरी करताना ९२ लाख डॉलर मिळाले. ड्राफ्टच्या इतिहासातील ही तोपर्यंतची सर्वांत मोठी रक्कम होती.

ड्राफ्टमधील निवड म्हणजे मेजर लीगमधील प्रवेश नव्हे. प्रत्येक संघाच्या अखत्यारीत दुय्यम लीगचे अनेक स्तर असतात आणि बहुतेक तरुण त्या पायऱ्या चढताना तीन-चार वर्षे घालवतात. अनेकांना तर शेवटची पायरी कधीच गाठता येत नाही. स्कीन्सने २०२३ च्या उत्तरार्धात खालच्या स्तरांवर सात इनिंग्जही टाकल्या नाहीत. २०२४ मध्ये इंडियानापोलिस येथील सर्वोच्च दुय्यम संघाकडून सात सामन्यांत त्याने ४५ स्ट्राइकआऊट घेतले आणि नऊ इनिंग्जमागे सरासरी एकापेक्षा कमी धाव दिली. दहा महिन्यांतच पायरेट्सने त्याला वर बोलावले.

पदार्पण आणि पहिला हंगाम

शिकागो कब्जविरुद्ध ११ मे २०२४ रोजी पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कवर स्कीन्सने पदार्पण केले. चार इनिंग्ज पूर्ण करून तो पाचव्या इनिंगमध्ये बाहेर पडला, तेव्हा त्याच्या नावावर सात स्ट्राइकआऊट होते. त्याने फेकलेल्या ८४ चेंडूंपैकी १७ चेंडूंचा वेग ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर, किंवा त्याहून अधिक होता.

क्रिकेटच्या प्रेक्षकांना या वेगाची कल्पना येण्यासाठी अंतर लक्षात घ्यावे लागेल. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे सुमारे २०.१२ मीटरची असते. बेसबॉलमध्ये पिचरच्या उंचवट्यापासून होम प्लेटपर्यंतचे अंतर १८.४४ मीटर असते. चेंडू टप्पा न घेता थेट येतो आणि फलंदाजाला निर्णयासाठी अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो. स्कीन्सच्या भात्यातील सर्वाधिक चर्चा झालेला चेंडू मात्र त्याहून संथ आहे. ‘स्प्लिटर’ आणि ‘सिंकर’ या दोन प्रकारांच्या मिश्रणामुळे ‘स्प्लिंकर’ म्हणून ओळखला जाणारा हा चेंडू ताशी सुमारे १५० किलोमीटर वेगाने येतो आणि फलंदाजाजवळ अचानक खाली बसतो. वेगवान चेंडूच्या अंदाजाने बॅट फिरवणारा फलंदाज त्यामुळे फसतो.

पदार्पणानंतर सहा दिवसांनी कब्जविरुद्धच त्याने सहा इनिंग्जमध्ये एकही हिट न देता ११ स्ट्राइकआऊट घेतले. ११ जुलै रोजी मिलवॉकीविरुद्ध सात इनिंग्जमध्ये त्याची पुनरावृत्ती केली. दोन्ही वेळा संपूर्ण सामन्यात हिट न देण्याचा दुर्मीळ पराक्रम टप्प्यात असताना संघ व्यवस्थापनाने त्याला विश्रांती दिली. चेंडूंची संख्या शंभराच्या आसपास पोहोचली होती. पराक्रमापेक्षा खांदा आणि कोपर जपण्याला दिलेले हे प्राधान्य होते.

त्याच महिन्यात ऑल-स्टार सामन्याची सुरुवात करण्याचा मान त्याला मिळाला. नवोदित पिचरला हा मान मिळण्याची ती इतिहासातील पाचवी आणि १९९५ मधील हिदेओ नोमोनंतरची पहिली वेळ होती. हंगामाअखेर २३ सामन्यांत ११ विजय, तीन पराभव, १७० स्ट्राइकआऊट आणि नऊ इनिंग्जमागे १.९६ अर्जित धावा अशी कामगिरी करून तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. पायरेट्सच्या खेळाडूला हा पुरस्कार २० वर्षांनंतर मिळाला.

विजयाशिवायची थोरवी

२०२५ च्या आकड्यांत एक विसंगती दिसते. स्कीन्सने ३२ सामन्यांत २१६ स्ट्राइकआऊट घेतले आणि त्याची १.९७ ही सरासरी दोन्ही लीगमधील नियमित पिचरांमध्ये सर्वोत्तम होती. तरीही त्याच्या नावावर दहा विजय आणि दहा पराभव नोंदले गेले. पिचरने कमी धावा दिल्या, तरी संघाने त्याहून अधिक धावा केल्या नाहीत, तर पराभव त्याच्या खात्यात जमा होतो. पायरेट्सने त्या हंगामात ७१ सामने जिंकले आणि ९१ गमावले. हा संघ २०१५ नंतर बाद फेरीत पोहोचलेला नाही आणि त्याचे शेवटचे विजेतेपद १९७९ मधील आहे. पूर्वी पिचरचे मोल प्रामुख्याने विजयसंख्येवरून ठरत असे. दहा पराभव नावावर असलेल्या पिचरला एकमताने साय यंग मिळणे, हे ती दृष्टी बदलल्याचे निदर्शक आहे.

आर्थिक नियमांचाही येथे संबंध येतो. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू मूळ संघाशी बांधील असतो आणि साधारणपणे पहिली तीन वर्षे त्याचे वेतन किमान दराच्या आसपास राहते. २०२५ मध्ये हा किमान दर ७ लाख ६० हजार डॉलर होता. २०२२ च्या करारातील तरतुदीनुसार सर्वोत्तम नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोन क्रमांकांत आलेल्या खेळाडूला पूर्ण वर्षाची सेवा बहाल होते. त्यामुळे मे महिन्यात दाखल होऊनही २०२४ हे स्कीन्सच्या सेवेचे संपूर्ण वर्ष धरले गेले. मोठ्या शहरांतील श्रीमंत संघ त्याच्यावर नजर ठेवून असताना पिट्सबर्ग त्याच्याभोवती विजयी संघ उभारू शकेल का, हा त्या शहरातील चाहत्यांपुढचा खरा प्रश्न आहे.

दुसरी चिंता शरीराची. २००९ च्या ड्राफ्टमधील पहिला खेळाडू स्टीफन स्ट्रासबर्ग यानेही असाच गाजावाजा करत प्रवेश केला होता. जून २०१० मध्ये पदार्पणाच्या सामन्यात त्याने १४ स्ट्राइकआऊट घेतले. समोरचा संघ पायरेट्स होता. त्याच वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे २०१९ च्या जागतिक मालिकेत तो सर्वोत्कृष्ट ठरला आणि त्याला २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार मिळाला. पण दुखापतींमुळे त्यानंतर तो केवळ आठ सामने खेळू शकला.

पिट्सबर्ग आणि भारत

पायरेट्सचे नाव भारताला अपरिचित नाही. ‘मिलियन डॉलर आर्म’ या शोध स्पर्धेतून पुढे आलेले उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू रिंकू सिंह आणि दिनेश पटेल यांना नोव्हेंबर २००८ मध्ये याच संघाने करारबद्ध केले होते. अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये दाखल झालेले ते पहिले भारतीय. त्यांच्या प्रवासावर २०१४ मध्ये हॉलीवूडचा चित्रपटही आला. दोघांनाही मेजर लीग गाठता आली नाही. रिंकूने पुढे व्यावसायिक कुस्तीचा मार्ग धरला.

बलवान हात त्या दोघांकडेही होता. स्कीन्सच्या पाठीशी शाळेपासूनचा सराव, विद्यापीठातील तज्ज्ञ प्रशिक्षक, दर आठवड्याची कसोटीची स्पर्धा आणि निर्णय बदलण्याची मुभा देणारे नियम होते. त्याची प्रगती दोन-तीन वर्षांची भासत असली, तरी तिच्यामागील व्यवस्था अनेक दशकांत उभी राहिली आहे.