चक्कीनामा, ओवी आणि घरातली भाषा

दापोडीचा इतिहास विचारला की जाणकार इंग्रज गव्हर्नरच्या बंगल्याबद्दल आणि 1828 मध्ये सुरू झालेल्या सरकारी वनस्पती बागेबद्दल सांगतात. त्या बागेतल्या झाडाफुलांची चित्रं 1847 ते 1850 या काळात एका भारतीय चित्रकाराने काढली. ती आज एडिनबर्गच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. फुलांचे रंग आपण अजून पाहू शकतो. पण त्याच काळात घराघरांत काय शिजत होतं, पहाटे कसला आवाज येत होता, याची नोंद कुणी केली नाही.

मग घराचा इतिहास शोधायचा कुठे? माझं उत्तर आहे, जात्यापाशी.

17व्या-18व्या शतकात विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत दखनी भाषेत ‘चक्कीनामा’ रचले गेले. सूत कातताना म्हणायचे ‘चरखानामा’ही होते. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. बायकांना दळताना म्हणता यावीत इतकी ही गीतं सोपी. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाहच्या नावाचं पहिलं अक्षर, असं त्यांत समजावलेलं असे. म्हणजे तौहीदचा धडा मदरशाबाहेर, तळहाताला घट्टे पाडणाऱ्या लाकडी खुंट्यावरही दिला जात होता.

मराठीत याच जात्यावर ओवी होती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेब आहेत.

कामधंद्यासाठी दापोडीत आलेल्या अनेक घरांसारखं आमचंही घर मराठवाड्यातलं. दादी सांगायची, फजरच्या अजानीआधी जातं सुरू व्हायचं. अंधारात घरघर, ज्वारीच्या कोमट पिठाचा गोडसर वास, बोटांना लागणारी खरखरीत कणी. शेजारची पाटलीण खुंट्याला दुसरा हात लावायला यायची. ती मराठीत बोलायची, दादी दखनीत. दखनीतला ‘नक्को’ म्हणजे आपला ‘नको’. ‘यहींच’, ‘अब्बीच’मधला ‘च’सुद्धा मराठीचाच. असे शब्द अशाच शेजारात रुळले असणार.

जात्याचे कष्ट परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. विजेच्या गिरणीने बायकांची पहाट मोकळी केली, हे चांगलंच झालं. काळजी वेगळी आहे. उर्दूच्या तासाला एखादी मुलगी ‘नक्को’ म्हणाली की वर्ग हसतो. मराठीच्या तासाला तिचं बोलणं ‘अशुद्ध’ ठरतं. मग मूल घरची बोली उंबऱ्याआड ठेवून शाळेत येतं. हळूहळू दादी-नानीशी बोलणंही कमी होतं, आणि तिच्यापाशी असलेलं ऐकायला कुणी उरत नाही.

म्हणून एक विनंती. घरात जुनं माणूस असेल तर विचारा. पहाटे पहिला आवाज कसला यायचा? चुलीत काय जळायचं? ईदच्या आदल्या रात्री घरात कसला वास असायचा? उत्तर दखनीत आलं तर दखनीतच लिहून ठेवा. लिपी उर्दू असो की देवनागरी, चालेल. फक्त ते ‘शुद्ध’ करायला जाऊ नका.