पराभवाची वार्ता

१७६१ सालच्या जानेवारी महिन्याची २४ तारीख. माळव्यातील भिलसे येथे, म्हणजे आजच्या विदिशेस, नानासाहेब पेशव्यांचा मुक्काम होता. उत्तरेत भाऊसाहेब शत्रूच्या वेढ्यात सापडले आहेत हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांच्या कुमकेसाठीच ते निघाले होते. तोच एका सावकाराचे पत्र घेऊन दक्षिणेकडे निघालेला कासीद लष्कराच्या हाती लागला. पत्र फोडले. आत युद्धाचा उघड उल्लेख कोठेही नव्हता. हिशेब होता तो मोत्यांचा, मोहरांचा आणि खुर्द्याचा. दोन मोती नाहीसे झाले होते, सत्तावीस मोहरा गेल्या होत्या, आणि खुर्दा किती गेला याची मोजदाद लागत नव्हती.

पानिपत होऊन दहा दिवस लोटले होते. पेढीवरच्या त्या परिभाषेचा अर्थ पेशव्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. एक मोती त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव, दुसरा त्यांचा चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ. आणि खुर्दा म्हणजे ती माणसे, ज्यांची नावे कोणत्याही बखरीत यावयाची नव्हती.

त्या माणसांना पराभव लढाईच्या दिवशी प्रथम कळला असे म्हणता येत नाही. तो त्यांना महिना-दीड महिना आधीपासून पोटात जाणवू लागला होता. १७६० च्या नोव्हेंबरात पानिपतास छावणी पडली, तेव्हा तोफा होत्या, खंदक होता आणि कुंजपुरा जिंकल्याचा उत्साह होता. पुढे अब्दालीने रसदेच्या वाटा रोखल्या. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले. अन्नधान्य पोचविण्यासाठी झटणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. दाण्यावाचून घोडी हाडाची काडे झाली. उत्तरेकडील पौषाची थंडी, आणि दक्षिणेतून आलेल्या माणसांच्या अंगावर अपुरी वस्त्रे. मेलेल्या जनावरांच्या दुर्गंधीने हवा जड झाली होती. त्या गर्दीत केवळ शिपाई नव्हते. तीर्थयात्रेच्या ओढीने आलेल्या बायका होत्या, म्हातारी माणसे होती. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे, ही मागणी सैनिकांनीच भाऊसाहेबांकडे केली.

१४ जानेवारीस सकाळी सैन्य बाहेर पडले. दुपारपर्यंत विजय दूर नाही असे वाटत होते. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी रोहिल्यांची दाणादाण उडविली होती. मग विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. सूर्य मावळण्यापूर्वी सारे संपले. जो आवाज सकाळपासून कानठळ्या बसवीत होता, त्याची जागा पळणाऱ्यांच्या पावलांनी घेतली.

त्या पळणाऱ्यांत अठरा वर्षांचे नाना फडणीस होते. वेष टाकून, उपाशीपोटी, पायी चालत ते निसटले. त्यांची आई मात्र त्या धुमाळीत कायमची अंतरली. महादजी शिंद्यांना पाठलाग करणाऱ्या एका पठाणाने गाठले व पायावर घाव घालून लुटून टाकून दिले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेत आणले. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले. सूरजमल जाटाच्या मुलखात पोचलेल्यांना अन्न, वस्त्र व आसरा मिळाला.

घरी राहिलेल्यांच्या वाट्यास आला तो याहून निराळा पराभव. रणात पडलेल्याचे दुःख एकदाच होते. बेपत्ता झालेल्याचे रोज नव्याने होते. भाऊसाहेबांचे निधन त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत मान्य केले नाही. त्यांच्या कपाळाचे कुंकू तसेच राहिले. लोकांनाही ते मान्य करवत नव्हते. म्हणूनच काही वर्षांनी एक तोतया ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला, तेव्हा त्याच्यामागे माणसे गेली. १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. त्याची लबाडी खरी. परंतु तिला आधार मिळाला तो हजारो घरांतील न संपलेल्या प्रतीक्षेचा.

नानासाहेब पुण्यास परतले ते खचूनच. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला. पत्र हाती पडल्याला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते.

दहा वर्षांनी, १७७१ साली, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या. त्यांत महादजी होते. बादशहा शाहआलमला तख्तावर परत आणून बसविण्यात त्यांचा पुढाकार होता. पानिपताचे अपयश राज्याने धुऊन काढले, असे इतिहास त्यावरून म्हणतो, आणि ते खोटे नाही. परंतु ज्या पायावर १७६१ साली घाव बसला, तो पाय पुढे कधी सरळ पडला नाही. दिल्लीच्या वैभवातही महादजी लंगडतच चालले. मराठी भाषेनेही ती जखम तशीच जपली आहे. एखाद्याचा सर्वनाश झाला की त्याचे ‘पानिपत’ झाले असे आपण आजही सहज बोलून जातो. पत्रातील मोती आणि मोहरा इतिहासाने मोजल्या. खुर्द्याची आठवण त्या एका शब्दात राहिली आहे.