मंत्रचळ, शालेय मुलांतील
नकोसा विचार मनात वारंवार घुसणे व तज्जन्य भय शमविण्यासाठी हात धुणे, मोजणे, कडी तपासणे अशा कृती अनिवार्यपणे घडणे, ही मनोविकृती शंभरांतील सुमारे १ ते ३ मुलांत आढळते. सोवळ्याओवळ्याच्या घरात ती प्रारंभी सद्गुणच भासते, यात नवल नाही. ‘‘दार लागले ना?’’ या प्रश्नास आई दहादा उत्तर देते, आणि असल्या मायाळू तडजोडींनीच विकार मुरतो. उपचारात मुलास भयवस्तूस क्रमाक्रमाने सामोरे नेऊन कृती रोखावयास शिकवितात. २००४ च्या अमेरिकी चाचणीत त्यास सर्ट्रालिन या औषधाची जोड सर्वाधिक गुणकारी ठरली. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील कुळगीसारख्या अरण्यवस्तीतून मात्र मानसोपचाराच्या मोठ्या सरकारी संस्थेसाठी दांडेलीवरून धारवाड गाठावे लागते.