हिरवळीवरील तीन दिवस

विंबल्डन म्हटले की शुभ्र पोषाख, आखीव हिरवळ आणि सज्जात बसलेली राजघराण्यातील मंडळी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आज आम्ही त्याच हिरवळीवरील एका निराळ्या स्पर्धेची हकीकत सांगणार आहो. १९६७ च्या ऑगस्टअखेरीस ती झाली. खेळाचे दिवस अवघे तीन आणि खेळाडू आठ. परंतु नव्वद वर्षे पाळला गेलेला एक दंडक तिने खिळखिळा करून टाकला.

हा दंडक कोणता? विंबल्डनची स्पर्धा १८७७ साली सुरू झाली ती हौशी खेळाडूंसाठी. टेनिस ही सुखवस्तू गृहस्थाची करमणूक. जो त्यावर पोट भरील तो धंदेवाईक, आणि धंदेवाइकास येथे प्रवेश नाही, असा हा कायदा. ज्याच्या घरी अन्नवस्त्राची ददात नाही, त्याला तो जाचण्याचे कारण नव्हते. पण फ्रेड पेरीची गोष्ट पाहा. त्याचे वडील सूतगिरणीतील कामगार. पुढे ते पार्लमेंटात निवडून गेले. पेरीने १९३४, १९३५ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन वर्षे विंबल्डन जिंकले. त्यानंतर त्याने पैशासाठी खेळण्याचा करार करताच क्लबाने त्याचे सभासदत्व काढून घेतले. त्याच क्लबाच्या आवारात १९८४ साली त्याचा पुतळा उभा राहिला, हा काळाचा न्याय म्हणावयाचा!

पेरीच्या वाटेने पुढे डॉन बज, जॅक क्रेमर, पांचो गोन्झालेस, केन रोजवॉल, ल्यू होड असे एकाहून एक मोहरे गेले. या मंडळींचे जिणे फिरत्या नाटक कंपनीसारखे होते. आज या गावी, उद्या त्या गावी. मैदान नसेल तेथे एखाद्या दिवाणखान्यात कॅनव्हास अंथरून खेळ करावयाचा. खेळ अव्वल दर्जाचा, पण मोठ्या स्पर्धांची दारे बंद. इकडे हौशी म्हणविणारेही सारेच निःसंग नव्हते. वाटखर्चाच्या नावाखाली नामांकित खेळाडूंच्या हाती गुपचूप पैसे पडत. उघडपणे घेईल तो पतित आणि टेबलाखालून घेईल तो सभ्य, असा हा न्याय होता.

हे ढोंग मोडावे असा ठराव १९६० साली आंतरराष्ट्रीय संघटनेपुढे आला, पण अवघी पाच मते कमी पडल्याने तो फेटाळला गेला. याच सुमारास क्रेमरने आपल्या रामनाथन कृष्णन यांनाही धंदेवाईक होण्याचे निमंत्रण दिले होते. १९६० आणि १९६१ अशी दोन वर्षे विंबल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचलेल्या कृष्णन यांनी ते नाकारले. स्वीकारले असते तर डेव्हिस चषकासाठी देशाकडून खेळणे बंद झाले असते, आणि १९६६ साली अंतिम फेरी गाठणारा भारतीय संघ त्यांच्यावाचून उभा राहिला असता. द्रव्य की देश, अशी निवड करण्याची पाळी खेळाडूवर आणणारा तो नियम होता.

अखेर विंबल्डनच्या क्लबाचे अध्यक्ष हर्मन डेव्हिड यांनीच पुढाकार घेतला. बी.बी.सी.ने १९६७ च्या जुलैत रंगीत चित्रवाणी सुरू केली होती. तिच्या साहाय्याने ऑगस्टात सेंटर कोर्टावर आठ धंदेवाइकांना पाचारण करण्यात आले. एकंदर बक्षिसे ४५,००० डॉलरची होती. रॉड लेव्हर, रोजवॉल, गोन्झालेस, होड, आंद्रेस हिमेनो, फ्रेड स्टोल, बुच बुकहोल्झ आणि डेनिस राल्स्टन हे ते आठ. पहिल्याच फेरीत होड आणि गोन्झालेस यांची गाठ पडली. गोन्झालेसचे वय तेव्हा ३९ वर्षांचे होते. ३-६, ११-९, ८-६ अशा झुंजीनंतर होड जिंकला. अंतिम सामन्यात लेव्हरने रोजवॉलचा ६-२, ६-२, १२-१० असा पराभव करून ३,००० पौंड मिळविले. त्याच वर्षीच्या हौशी विंबल्डनचा अंतिम सामना न्यूकोम्बने अगदी एकतर्फी जिंकला होता. उत्कृष्ट टेनिस कोठे आहे, हे लोकांना आता डोळ्यांनी दिसले.

मग चक्रे वेगाने फिरली. त्याच डिसेंबरात ब्रिटिश संघटनेने हौशी आणि धंदेवाईक हा भेदच रद्द केला. १९६८ च्या मार्चमध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय संघटनेने खुल्या स्पर्धांना मान्यता दिली. एप्रिलमध्ये बोर्नमथला पहिली खुली स्पर्धा झाली. तीत रोजवॉल विजयी ठरला. त्या उन्हाळ्यात विंबल्डन सर्वांना खुले झाले आणि लेव्हरने ते जिंकले. त्याला २,००० पौंड मिळाले, तर स्त्रियांत जिंकणाऱ्या बिली जीन किंग यांना ७५०. एक भिंत पडली, दुसरी उभीच होती. तेथे पुरुषांइतके बक्षीस स्त्रियांस मिळावयास २००७ साल उजाडले.

जमाखर्च मांडू लागलो म्हणजे मात्र मन खिन्न होते. १९६२ साली चारही मोठ्या स्पर्धा जिंकून लेव्हर धंदेवाईक झाला, आणि त्याची ऐन उमेदीची पाच वर्षे या स्पर्धांबाहेर गेली. १९६९ साली त्याने तोच पराक्रम पुन्हा केला, यावरून मधल्या काळात काय हुकले असेल याची कल्पना यावी. रोजवॉलची अकरा वर्षे गेली. परतल्यावर तो १९७० आणि १९७४ साली अंतिम फेरीत पोहोचला, पण विंबल्डनचे एकेरी विजेतेपद त्याला कधीच लाभले नाही. गोन्झालेसची तर अठरा वर्षे गेली.

अन्यायाचा नियम एका ठरावाने रद्द करता येतो. त्याने खाल्लेली वर्षे कोणत्याही ठरावाने परत देता येत नाहीत. म्हणून असा नियम आपल्या नजरेस पडेल, तेव्हा तो उद्या मोडू असे म्हणणे आम्हांस परवडणारे नाही.