एकाच्या बदल्यात एक : सूबान गेला, वेबर आला, पण या सौद्यात जिंकलं कोण?

२९ जून २०१६. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात लोकांच्या मोबाइलवर एक बातमी आली आणि अनेकांना ती आधी अफवाच वाटली. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघानं आपला सगळ्यात लाडका खेळाडू पी. के. सूबान अमेरिकेतल्या नॅशव्हिल प्रेडेटर्सला देऊन टाकला होता. बदल्यात आला शे वेबर. पैसे नाहीत, तिसरा खेळाडू नाही. एक द्या, एक घ्या.

दोघेही बचावपटू, दोघेही उजव्या हाताने मारणारे आणि दोघेही स्टार. गंमत म्हणजे त्याआधीच्या मोसमात दोघांच्या नावावर गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून बरोब्बर ५१-५१ गुण होते. फरक इतकाच की वेबरला त्यासाठी ७८ सामने लागले आणि सूबानला ६८.

तेव्हापासून हॉकीचे चाहते एकच प्रश्न चघळतायत. या ट्रेडमध्ये फसलं कोण?

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि टर्फचं मैदान डोळ्यांसमोर येतं. उत्तर अमेरिकेत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची, स्केट्स घालून खेळायची. तिथली सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग, अर्थात एनएचएल. या लीगमध्ये खेळाडूचा करार संघाच्या हातात असतो आणि संघ तो करार दुसऱ्या संघाला देऊ शकतो. यालाच ट्रेड म्हणतात. बहुतेक वेळा खेळाडूला विचारलंही जात नाही. सकाळी एका शहरात सराव, रात्री दुसऱ्या शहराचं विमान.

आयपीएलमुळे हा प्रकार आता आपल्यालाही माहीत झालाय. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला, कॅप्टन झाला आणि पुढच्या मोसमात वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मॉन्ट्रियलमध्ये उलटं झालं. लोक आलेल्यावर नाही, तर गेलेल्याला पाठवणाऱ्यांवर चिडले.

सूबानसाठी शहर इतकं हळहळलं का?

सूबान २०१३ मध्ये नॉरिस ट्रॉफी जिंकला होता. लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूला ही ट्रॉफी मिळते. तो पक घेऊन समोरच्या तिघांमधून घुसायचा, गोल झाला की जल्लोष करायचा, मैदानाबाहेर झकास सूट घालायचा. हॉकी हा तसा मान खाली घालून खेळणाऱ्यांचा खेळ. त्यात हा माणूस वेगळा दिसायचा.

पण खरी गोष्ट हॉस्पिटलची होती. सप्टेंबर २०१५ मध्ये सूबाननं मॉन्ट्रियलच्या मुलांच्या हॉस्पिटलसाठी सात वर्षांत १ कोटी डॉलर उभे करायचा शब्द दिला. त्यानंतर वर्षही झालं नाही आणि संघानं त्याला शहराबाहेर पाठवलं. ट्रेडनंतर शहरातल्या एका डॉक्टरनं 'मॉन्ट्रियल गॅझेट'मध्ये पूर्ण पानाची जाहिरात देऊन त्याचे आभार मानले होते. लोकांचा जीव कशात अडकला होता, ते यावरून कळतं.

मग संघानं हे का केलं? २०१५-१६ चा मोसम मॉन्ट्रियलसाठी वाईट गेला होता. मुख्य गोलकीपर केरी प्राइस दुखापतीमुळे बहुतेक मोसम बाहेर होता आणि संघ प्लेऑफलाही पोहोचला नाही. फेब्रुवारीत एका पराभवानंतर कोच मिशेल थेरियन यांनी सूबानच्या एकट्यानं खेळण्यावर जाहीरपणे बोट ठेवलं होतं. सूबान संघाच्या चौकटीत बसत नाही, अशी कुजबुज होतीच.

याशिवाय एक तारीखही होती. सूबाननं २०१४ मध्ये आठ वर्षांचा, ७.२ कोटी डॉलरचा करार केला होता. त्यातलं नो-मूव्हमेंट कलम १ जुलै २०१६ पासून लागू होणार होतं. म्हणजे त्या दिवसानंतर त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठंही पाठवता आलं नसतं. ट्रेड झाला २९ जूनला. कलम लागू व्हायच्या फक्त दोन दिवस आधी. ज्या चाहत्यांनी हे जोडून पाहिलं, त्यांचा पारा आणखी चढला.

आकडेवाले आणि 'डोळ्यांना दिसतं ते'वाले

ट्रेड होताच चाहत्यांचे दोन तट पडले. एक तट आकडेवारीचा. खेळाडू बर्फावर असताना त्याच्या संघानं किती शॉट मारले आणि समोरच्यांनी किती, हा त्यांचा हिशेब. या मोजमापात सूबान सरळ पुढे होता. तो असला की पक मॉन्ट्रियलकडे जास्त वेळ राहायचा. शिवाय वय. सूबान २७ वर्षांचा, वेबर ३० पूर्ण करून ३१ कडे निघालेला. या लोकांच्या दृष्टीनं हा ट्रेड म्हणजे नवी गाडी देऊन जुनी गाडी घेणं.

दुसरा तट म्हणायचा की वेबर हा पुरुषभर उंचीची भिंत आहे. नॅशव्हिलचा कॅप्टन, कॅनडाकडून २०१० आणि २०१४ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं. आणि त्याचा शॉट! २०१५ च्या ऑल-स्टार स्पर्धेत त्याचा शॉट ताशी १०८.५ मैल, म्हणजे जवळपास १७५ किलोमीटर वेगानं गेला होता. शोएब अख्तरचा विक्रमी चेंडू १६१ चा होता, त्यावरून अंदाज घ्या. २०१० च्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध वेबरनं मारलेला पक जाळी फाडून पलीकडे गेला आणि गोल झाला की नाही हे रिप्ले बघून ठरवावं लागलं.

दोन्ही तटांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण दोघंही मुख्यतः एकाच गोष्टीवर भांडत होते, की खेळाडू कोण चांगला? ट्रेडच्या तराजूत त्याहून जड एक वस्तू असते आणि ती म्हणजे करार.

सॅलरी कॅपचं गणित

एनएचएलमध्ये प्रत्येक संघाला पगारावर किती खर्च करता येईल याची कडक मर्यादा आहे. २०१६-१७ मध्ये ती ७.३ कोटी डॉलर होती. आयपीएलच्या पर्ससारखीच, पण मोजायची पद्धत वेगळी. खेळाडूला त्या वर्षी हातात किती मिळाले हे कॅपसाठी बघत नाहीत. पूर्ण कराराची रक्कम भागिले वर्षं, जी सरासरी येईल ती दरवर्षी कॅपमध्ये धरतात.

सूबान : ७.२ कोटी भागिले ८, म्हणजे वर्षाला ९० लाख डॉलर. ट्रेडच्या वेळी सहा वर्षं शिल्लक.

वेबरचा करार मात्र अचाट होता. २०१२ मध्ये फिलाडेल्फियानं त्याला पळवण्यासाठी १४ वर्षांची, ११ कोटी डॉलरची ऑफर दिली. नॅशव्हिलनं नियमानुसार तेवढेच पैसे मोजून त्याला ठेवून घेतलं. सरासरी आली साधारण ७८.६ लाख. म्हणजे वेबर कॅपमध्ये सूबानपेक्षा दरवर्षी ११ लाख डॉलरनं स्वस्त, आणि तेवढ्या जागेत एक चांगला राखीव खेळाडू बसतो. पण शिल्लक होती तब्बल दहा वर्षं. २०२६ पर्यंत. तोवर वेबर चाळिशीत पोहोचणार.

त्यातही एक मेख होती. या कराराचे पैसे सुरुवातीलाच भरभरून द्यायचे होते. पहिल्या चार वर्षांत दरवर्षी १.४ कोटी डॉलर, असे ५.६ कोटी नॅशव्हिलनंच मोजले होते. अर्ध्याहून जास्त बिल आधीच भरून झालेला खेळाडू मॉन्ट्रियलला मिळाला. शेवटच्या तीन वर्षांचा पगार तर वर्षाला फक्त १० लाख होता.

असे लांबलचक करार रोखण्यासाठी लीगनं २०१३ मध्ये नियम केला. असा खेळाडू करार संपण्याआधी निवृत्त झाला, तर ज्या संघानं कॅपमध्ये फायदा उपटला त्याच्याकडून तो नंतर वसूल करायचा. इथं तो संघ मुख्यतः नॅशव्हिल. म्हणजे वेबर दुसऱ्याकडे गेला तरी त्याच्या निवृत्तीची टांगती तलवार नॅशव्हिलच्याच डोक्यावर राहिली. ट्रेडच्या दिवशी 'नॅशव्हिलनं लुटलं' म्हणणाऱ्या किती जणांनी हे कलम वाचलं होतं, कोण जाणे.

मग जिंकलं कोण?

उत्तर तुम्ही कोणत्या वर्षी विचारता यावर आहे.

२०१७ मध्ये विचारलं असतं, तर नॅशव्हिल. सूबान आला आणि पहिल्याच मोसमात संघ इतिहासात प्रथमच स्टॅनले कपच्या फायनलमध्ये गेला. पिट्सबर्गकडून ४-२ असा हरला, पण गेला. मॉन्ट्रियल पहिल्याच फेरीत बाद. पुढच्या मोसमात सूबान नॉरिस ट्रॉफीच्या शेवटच्या तिघांत होता आणि वेबर दुखापतीमुळे फक्त २६ सामने खेळू शकला. आकडेवाले चाहते तेव्हा 'सांगितलं होतं ना' म्हणत फिरत होते.

२०१९ मध्ये चित्र पालटलं. सूबानचा खेळ घसरला आणि ९० लाख डॉलर डोईजड वाटू लागले. नॅशव्हिलनं त्याला न्यू जर्सीला दिलं. बदल्यात आले दोन फारसे नाव नसलेले तरुण बचावपटू आणि दुसऱ्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक. नॅशव्हिलला खरं तर खेळाडू नकोच होते, कॅपमध्ये जागा हवी होती. ती मिळताच त्यांनी मॅट डुशेनला वर्षाला ८० लाखांवर करारबद्ध केलं. तीन वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी कॅप्टन सोडला, त्याची किंमत आता 'जागा रिकामी होणं' एवढीच उरली होती.

२०२१ मध्ये विचारलं असतं, तर मॉन्ट्रियलनं छाती पुढे काढली असती. कॅप्टन वेबरच्या नेतृत्वाखाली संघ १९९३ नंतर पहिल्यांदाच फायनलमध्ये पोहोचला. टँपा बेकडून पाच सामन्यांत हरला. वेबर पाय, गुडघा, अंगठा सगळं दुखत असताना खेळला आणि तो त्याचा शेवटचा सामना ठरला. सूबानही २०२२ मध्ये ३३ व्या वर्षी निवृत्त झाला. जवळपास चार वर्षांनी लहान असूनही तो वेबरच्या पाठोपाठ एकाच मोसमात थांबला. वयाचं ते साधं गणित असं चुकलं.

एकूण कप : दोघांचे मिळून शून्य.

त्याच दिवशी, अर्ध्या तासाच्या आत आणखी एक एकास एक ट्रेड झाला होता. एडमंटननं टेलर हॉल न्यू जर्सीला देऊन अॅडम लार्सन घेतला. सहा वर्षांत चार वेळा ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळालेल्या एडमंटनकडे आक्रमक खेळाडूंची रेलचेल होती, बचावाची बोंब होती. गरज म्हणून सोनं देऊन लोखंड घेतलं. हॉल २०१८ मध्ये लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला, त्यामुळे चाहत्यांनी निकाल केव्हाच लावून टाकलाय. पण २०१७ मध्ये ११ वर्षांनी एडमंटन प्लेऑफला गेलं, तेव्हा लार्सन संघात होता हेही खरं.

हे शहर तसं पोळलेलंच. १९८८ मध्ये मालकानं वेन ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला धाडलं. सौद्यात दीड कोटी डॉलर रोख होते. एका खासदारानं सरकारनं हे थांबवावं अशी मागणी केली होती. दोन वर्षांनी एडमंटन ग्रेट्झकीशिवाय कप जिंकलं आणि ग्रेट्झकी पुन्हा कधीच जिंकला नाही.

खेळत नसलेल्या खेळाडूचा ट्रेड

वेबरची गोष्ट इथं संपत नाही. तो खेळू शकत नव्हता, पण निवृत्तही झाला नाही, कारण करार चालू होता. दीर्घ दुखापतीतल्या खेळाडूच्या पगाराएवढी सूट कॅपमध्ये मिळते, म्हणून असा करारही काही संघांच्या कामाचा असतो. जून २०२२ मध्ये मॉन्ट्रियलनं तो करार व्हेगासला दिला आणि एव्हगेनी डाडोनोव्ह घेतला. हाच डाडोनोव्ह तीन महिन्यांपूर्वी अनाहाइमला पाठवला गेला होता, पण अनाहाइम त्याच्या 'इथं जाणार नाही' यादीत आहे हे लक्षात आल्यावर लीगनं तो ट्रेडच रद्द केला होता. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये वेबरचा करार अॅरिझोनाला गेला. या दोन्ही संघांकडून तो एक मिनिटही खेळला नाही. २०२४ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला, तेव्हाही करार चालूच होता.

आणि सूबान? २ मार्च २०१७ ला तो नॅशव्हिलच्या जर्सीत पहिल्यांदा मॉन्ट्रियलला आला. संघानं पडद्यावर त्याचे जुने क्षण दाखवले, अख्खं स्टेडियम उभं राहिलं आणि तो बर्फावर डोळे पुसत होता. सामना मॉन्ट्रियलनं २-१ असा जिंकला. निवृत्तीनंतर जानेवारी २०२३ मध्ये याच स्टेडियममध्ये त्याचा सत्कार झाला. त्या रात्री समोरचा संघ होता नॅशव्हिल.