संघटनानिष्ठेचे मापन
कर्मचाऱ्याला आपल्या संस्थेविषयी वाटणाऱ्या बांधिलकीची प्रश्नावलीच्या साहाय्याने केलेली मोजणी. औद्योगिक समाजशास्त्र व मानसशास्त्र यांत हा विषय दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाला.

जेम्स ॲबेग्लेन यांनी १९५८ मध्ये जपानी कारखान्यांवरील आपल्या ग्रंथात आजन्म नोकरीच्या प्रथेकडे लक्ष वेधले. त्यानंतर जपानी कामगाराची निष्ठा हा त्याच्या संस्कृतीचाच गुण होय, असा समज पाश्चात्त्य देशांत पसरला. उलट हॉवर्ड बेकर यांनी १९६० मध्ये असे दाखविले, की सेवाज्येष्ठता, निवृत्तिवेतन यांसारखे साठत जाणारे हितसंबंधही माणसाला जखडून ठेवतात. म्हणजे नोकरी न सोडणे हा निष्ठेचा पुरावा ठरत नाही.

लायमन पोर्टर, रिचर्ड स्टीअर्स व रिचर्ड मॉडे यांची प्रश्नावली १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आली. तीत पंधरा विधाने असून प्रत्येकास सात श्रेणींत उत्तर द्यावयाचे असते. सहा विधाने नकारार्थी असून त्यांचे गुण उलटे मोजतात. १९७९ मध्ये नऊ संस्थांतील २,५६३ कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून तिची विश्वसनीयता तपासण्यात आली.

जेम्स लिंकन व आर्न कॅलबर्ग यांनी अमेरिकेतील इंडियानापोलिस व जपानमधील आत्सुगी या परिसरांतील आठ हजारांवर कर्मचाऱ्यांची पाहणी करून १९८५ व १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरासरी गुणांत जपानी कामगार अमेरिकनांहून अधिक निष्ठावान आढळले नाहीत; कामाविषयीचे समाधान तर त्यांनी बरेच कमी नोंदविले. समाधानातील हा फरक हिशेबात घेतल्यावर मात्र त्यांची निष्ठा अधिक दिसली. निर्णयांत सहभाग व कल्याणयोजना असलेल्या कारखान्यांत दोन्ही देशांत निष्ठा वाढलेली आढळली.

या अनुभवामुळे मापनातील अडचणी स्पष्ट झाल्या. आपल्या संस्थेची स्तुती करणे एका समाजात स्वाभाविक, तर दुसऱ्यात अप्रशस्त मानले जाते. त्यामुळे समान गुणांचा अर्थ समान असेलच असे नाही. भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणून पडताळणे, ही रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये विशद केलेली पद्धती शब्दार्थातील चुका उघड करते. परंतु उत्तर देण्याच्या सवयीतील भेद तिने दूर होत नाही. जॉन मायर व नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये आत्मीयता, सोडण्यातील तोटा व कर्तव्यभावना असे निष्ठेचे तीन घटक वेगळे केले. अशा विश्लेषणाविना काढलेल्या सरासरीवरून एखाद्या राष्ट्रातील कामगारांस निष्ठावान वा निष्ठाहीन ठरविणे अशास्त्रीय होय. तसे केल्यास व्यवस्थापनाचे गुणदोष कामगारांच्या स्वभावावर लादले जातात.