लातूरचा वकील, नळदुर्गाचा पूल

२७ ऑक्टोबर १९४७, पहाटे ३

निजामाची सत्ता १७ सप्टेंबर १९४८ ला गेली असे आपण मानतो, झेंडावंदनही त्याच दिवशी करतो. पण घड्याळ लावायचेच असेल तर ते या पहाटेला लावावे. हैदराबादचे पंतप्रधान छत्तारीचे नवाब, घटना सल्लागार सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांना त्या दिवशी दिल्लीचे विमान धरायचे होते. भारताशी करायचा ‘जैसे थे’ करार कार्यकारी मंडळाने मंजूर केला होता. निजामानेही मान डोलावली होती. सही तेवढी उद्यावर ढकलली होती. ती उद्याची सकाळ उजाडायच्या आत हजारोंच्या जमावाने तिघांच्या घरांना वेढा घातला. पोलिसांनी कुणाला हटवले नाही. शेवटी लष्कराने या बड्या मंडळींना बाहेर काढले.

जमाव कासीम रझवीचा होता. हा माणूस लातूरला वकिली करायचा, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलेच एक गाव. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे नेते बहादूर यार जंग १९४४ मध्ये वारले, त्यानंतर दोन-अडीच वर्षांत रझवी तिचा अध्यक्ष झाला आणि तिची रझाकारांची सशस्त्र फौज त्याच्या हाती आली.

सकाळी ८

निजामाने शिष्टमंडळाला बोलावले आणि दिल्लीला जाऊ नका म्हणून सांगितले. रझवीचा युक्तिवाद असा की भारत काश्मीरमध्ये अडकला आहे, आता ताणून धरले तर जास्त मिळेल. योगायोग म्हणजे भारतीय सैन्याच्या पहिल्या तुकड्या श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरल्या त्या याच दिवशी. छत्तारींनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी उद्योगपती मीर लायक अली आले, रझवीच्या पाठबळावर. आणि २९ नोव्हेंबरला निजामाने सही केली ती जवळपास त्याच मसुद्यावर! एवढ्या गोंधळातून मिळाले काय, तर आपल्या राजाला धाक घालता येतो हे एका जमावाला कळले.

अब्बासी खलिफांच्या इतिहासात ही रात्र वारंवार येते. ८६१ मध्ये सामर्‍यात खलिफा मुतवक्किलला त्याच्याच तुर्की पहारेकर्‍यांनी मारले. पुढच्या नऊ वर्षांत चार खलिफा गादीवर बसले आणि गेले; कोण बसणार हे पहारेकरी ठरवत होते. ९४५ मध्ये बगदादेत बुवैही सरदार शिरले. नाणे खलिफाचे, शुक्रवारच्या खुतब्यात नाव खलिफाचे, हुकूम मात्र बुवैहींचा. निजाम उस्मान अलींना ही गोष्ट परकी नसावी. १९२४ मध्ये तुर्कस्तानने हाकललेले शेवटचे उस्मानी खलिफा दुसरे अब्दुलमजीद यांना हैदराबादच्या खजिन्यातून तनखा जायचा, आणि १९३१ मध्ये त्यांची मुलगी दुर्रेशेहवार निजामाची थोरली सून झाली. गादी गेलेला खलिफा सोयरा होता. तरी घरातल्या पहारेकर्‍याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. की गेले होते, आणि तो परवडेल असे वाटले? मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते. रझवीच्या आरडाओरड्याने दिल्ली बिचकावी आणि आपण मात्र समजूतदार दिसावे, हा डाव निजामाला सोयीचा होता.

११ सप्टेंबर १९४८, रात्र

मधले दहा महिने सरहद्दीवरच्या गावांनी भोगले. रझाकारांच्या धाडी, जळती घरे, सोलापूर-बार्शीकडे निघालेल्या गाड्या. तिकडून चालणारे मुक्तिसंग्रामाचे कॅम्प. उस्मानाबाद जिल्ह्यातल्याच हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवून गेलेले स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्टमध्ये हैदराबादच्या रस्त्यावर ठार केले गेले, कारण त्यांनी मुसलमान असून भारतात सामील व्हा असे लिहिले. दरबाराची भिस्त दोन गोष्टींवर होती: कराचीहून बिदर-वारंगळला रात्री शस्त्रे आणणारी सिडनी कॉटनची विमाने, आणि २१ ऑगस्टला सुरक्षा परिषदेकडे धाडलेली तक्रार. या रात्री कराचीत जिना वारले.

१३ सप्टेंबर, पहाटे ४

सोलापूरकडून भारताचे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या फौजा हद्द ओलांडून आत आल्या. वाटेत पहिलेच मोठे ठाणे नळदुर्ग, आणि नळदुर्गाशी बोरी नदीवरचा पूल. पावसाळी बोरीवर हा पूल उडाला असता तर रणगाडे अलीकडेच थांबले असते. सातव्या ब्रिगेडने तो अंधारात, धक्का न लागता ताब्यात घेतला. मग दुसर्‍या शीख पलटणीने नळदुर्गावर हल्ला चढवला. समोर होती पहिली हैदराबाद इन्फन्ट्री. आदिलशहाने याच नदीला किल्ल्यात बांध घालून आत पाणीमहाल उठवला होता. तटबंदीचा विचार करणार्‍यांना तेव्हा पाण्याची किंमत कळत होती.

उजाडताना दुसरी तुकडी तुळजापुरात होती. तिथे पहिल्या इन्फन्ट्रीची एक टोळी आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढले, मग त्यांनी शस्त्रे टाकली. पुढे लोहार्‍याकडे जायचे तर नदीला पूर. त्या दिवशी या आघाडीवर रझाकारांपेक्षा पुराने जास्त अडवले.

सकाळी ९

रणगाडे जळकोटात.

दुपारी ३.१५

उमरगा. हद्दीपासून ६१ किलोमीटर आत. इथेही रझाकारांचा प्रतिकार थोडक्यात मोडला. सकाळच्या चहाला सोलापुरात असलेला शिपाई संध्याकाळी जिल्ह्याच्या दुसर्‍या टोकाला होता. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावू म्हणून रझवी सभा गाजवत असे. त्याच्या स्वतःच्या जिल्ह्याचा हमरस्ता बारा तासांतच गेला.

१४ सप्टेंबर

राजाच्या नावाच्या गावाची पाळी आज आली. गुरख्यांची तुकडी आणि आठव्या कॅव्हलरीचे स्क्वाड्रन उस्मानाबादेत शिरले. गल्लीबोळांत लढाई झाली. रझाकार इथे निकराने लढले, हे नोंदवले पाहिजे. भाषणे करणारे हैदराबादेत होते आणि मरणारे इथे. त्याच दुपारी औरंगाबादच्या मुलकी अधिकार्‍यांनी शरणागती दिली. उमरग्याची फौज विमानांच्या मार्‍यामागून राजेश्वरपर्यंत पोचली.

१६ सप्टेंबर

पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेने हैदराबादची तक्रार विचारात घेतली. इकडे जहीराबादचा रस्ता सुरुंगांनी अडवला होता, आणि सैन्य ते काढत पुढे सरकत होते.

१७ सप्टेंबर, पहाट

बिदर पडले. कॉटनची विमाने उतरायची ती धावपट्टीही गेली. दिवस उजाडल्यावर लायक अलींच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा निजामाच्या हाती आला. ज्या कन्हैयालाल मुन्शींना, भारताच्या एजंट जनरलना, चार दिवस घरात कोंडून ठेवले होते, त्यांनाच आता किंग कोठीवर बोलावणे गेले.

सायंकाळी ५

युद्धबंदी जाहीर झाली. दुसर्‍या दिवशी हैदराबादचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. २३ तारखेला निजामाने रेडिओवरून सांगितले की रझवीच्या टोळक्याने पंतप्रधानाच्या घराला वेढा घालून आपल्यावर नवे मंत्रिमंडळ लादले, आपण हतबल होतो. आरोप बराचसा खरा होता. मात्र त्या सकाळी शिष्टमंडळाला थांबवणारा हुकूम कुणाचा होता, हे त्याने सांगितले नाही.

त्यानंतर

लायक अली नजरकैदेतून १९५० मध्ये निसटून पाकिस्तानात गेले. रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटला, तोही तिकडेच गेला. उस्मान अली १९५६ पर्यंत राजप्रमुख राहिले. दरबारातल्या कुणाचा जीव गेला नाही.

गावांचा हिशेब वेगळा आहे. रझाकार मोडले आणि सूड सुरू झाला. ज्यांनी रझाकारांची टोपीही घातली नव्हती अशा मुसलमान कुटुंबांवर तो उगवला. चौकशीसाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. पोलीस कारवाईच्या, म्हणजे सप्टेंबरच्या या लष्करी मोहिमेच्या, काळात आणि नंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे तिने नावानिशी दिले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. सरकारने हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध होऊ दिला नाही.